अमेरिकेतल्या 'इमिग्रेशन रिफॉर्म'चं भिजत घोंगडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की मला तेच तेच प्रश्न येतात. पुण्याची मावशी विचारते, नागपूरचा भाचा विचारतो, इथल्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मागे उभा असलेला अनोळखी माणूसही विचारतो. मी वकील नाही. २०११ पासून न्यू जर्सीत एच-१बीवर, म्हणजे कुशल परदेशी नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि इथं मला मत नाही. तरी दर निवडणुकीत आमच्या पत्रपेटीत आधीच्या भाडेकरूच्या नावानं गुळगुळीत कागदावरची पत्रकं येऊन पडतात. एकदा दोन्ही पक्षांची एकाच दिवशी आली. एकावर कुंपणावर चढणारी माणसं होती, दुसऱ्यावर जाळीआडचं रडणारं मूल. बायकोनं दोन्ही फ्रिजवर शेजारी शेजारी लावली. त्यांत विधेयकाचा नंबर कुठं आहे, कोणत्या तारखेला कुणी कसं मत दिलं ते कुठं लिहिलंय, हे आम्ही पुढचे चार दिवस येताजाता शोधत होतो. कुठंच नव्हतं.

उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

'इमिग्रेशन रिफॉर्म' म्हणजे नेमकं काय?

एकाच नावाखाली तीन वेगळी भांडणं आहेत. पहिलं मेक्सिकोच्या सीमेचं: कोण येतंय, आश्रय कुणाला द्यायचा, तोवर त्यांना ठेवायचं कुठं. दुसरं, कागदपत्रांशिवाय आधीच राहत असलेल्या एक कोटीहून जास्त माणसांचं. तिसरं आपल्यासारख्यांचं, म्हणजे व्हिसा, ग्रीन कार्ड, रांगा.

या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधायच्या, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी मिळेल आणि विधेयक पास होईल, असं वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं मानलं गेलं. झालं उलटं. गाठोड्यातली एक वस्तू कुणाला नको असली की सगळं गाठोडंच परत जातं.

शेवटची खरी सुधारणा कधी झाली?

१९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून ज्या कायद्यावर सही केली, त्यानं देशवार कोट्याची जुनी, युरोपला झुकतं माप देणारी पद्धत मोडली. आपल्या आधीच्या पिढीतले डॉक्टर-इंजिनिअर आले ते त्या दारातून. १९९० च्या कायद्यानं एच-१बी आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची आजची रचना आली. १९९६ साली क्लिंटन यांच्या काळात नियम कडक झाले. त्यानंतर सर्वंकष म्हणावं असं काही पास झालेलं नाही.

पण भांडणाचं मूळ १९८६ मध्ये आहे. रेगन यांनी सही केलेल्या त्या कायद्याचा सौदा सरळ होता: १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना कागद मिळतील आणि इथून पुढं बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होईल. सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. मालकांवरची कारवाई मात्र लुटुपुटूचीच राहिली आणि नवे लोक येत राहिले. मुंबईतल्या झोपड्यांची 'कट-ऑफ डेट' १९९५ वरून २००० वर आणि पुढं २०११ वर कशी सरकली हे ज्यानं पाहिलंय, त्याला अमेरिकन मतदाराचा संशय लगेच कळेल. तेव्हापासून 'ॲम्नेस्टी', म्हणजे सरसकट माफी, हा शब्द रिपब्लिकन पक्षात शिवीसारखा वापरला जातो. 'आधी सीमा बंद करा, मग कागदांचं बोलू' ही घोषणाही तिथूनच आली.

२०१३ मध्ये तर सगळं जुळून आलं होतं ना? मग बिनसलं कुठं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, कारण तेव्हा मी इथं नवा होतो आणि भाबडाही.

२०१२ ची निवडणूक मिट रॉम्नी हरले. प्रचारात ते म्हणाले होते की बेकायदा लोक 'आपणहून परत जातील' अशी परिस्थिती निर्माण करू. लॅटिनो मतदारांतली जेमतेम २७ टक्के मतं त्यांना पडली. हादरलेल्या रिपब्लिकन पक्षानं पराभवाची चिरफाड करणारा अहवाल काढला आणि मार्च २०१३ मध्ये जाहीर लिहिलं की सर्वंकष स्थलांतर सुधारणेला पाठिंबा द्यायलाच हवा. चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन सिनेटर एकत्र बसले. त्यांत मॅकेन होते, शूमर होते आणि फ्लोरिडाचे तरुण मार्को रुबिओही होते. विधेयकात बेकायदा राहणाऱ्यांना तेरा वर्षांच्या वाटेनं नागरिकत्व होतं, सीमेवर आणखी २०,००० गस्ती जवान आणि ७०० मैलांचं कुंपण होतं, आणि आपल्या ग्रीन कार्डांच्या रांगेलाही मोकळी वाट होती.

२७ जून २०१३ ला सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ अशा मतांनी ते पास झालं. चौदा रिपब्लिकनांनी हो म्हटलं. त्या संध्याकाळी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आम्ही चार देशी कुटुंबांनी समोसे खाल्ले. दोन-तीन वर्षांत ग्रीन कार्ड हातात, असा हिशोब एकानं पेपर नॅपकिनवर मांडला होता.

प्रतिनिधिगृहात ते मतदानालाच आलं नाही. पडलं नाही, हे लक्षात घ्या. आलंच नाही. मतदान झालं असतं तर डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून ते पास झालं असतं असा बऱ्याच जणांचा अंदाज होता. पण प्रतिनिधिगृहाचे सभापती रिपब्लिकन जॉन बेनर होते आणि आपल्या पक्षातल्या बहुसंख्यांना नको असलेलं विधेयक पटलावर आणायचं नाही, असा अलिखित दंडक होता.

मग १० जून २०१४ उजाडला. व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृह नेते एरिक कँटर, पक्षातले दोन नंबरचे नेते, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. 'हे ॲम्नेस्टीवाले आहेत' हा त्यांच्यावरचा मोठा आरोप होता. कँटर यांनी त्या विधेयकाला पाठिंबासुद्धा दिलेला नव्हता, थोडी मवाळ भाषा तेवढी केली होती! हरण्याची इतरही कारणं होती. मतदारसंघात त्यांचं लक्ष नाही ही तक्रार जुनीच होती. पण प्रत्येक रिपब्लिकन खासदारानं एकच धडा घेतला. त्या प्रायमरीत सगळी मिळून साधारण ६५,००० मतं पडली होती. एवढ्याशा मतदानानं एक कोटीहून जास्त लोकांचा प्रश्न दहा वर्षं मागं ढकलला.

रुबिओंनी पुढं आपल्याच विधेयकापासून अंग काढून घेतलं. आज ते ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री आहेत.

प्रायमरीचं एवढं काय? खरी निवडणूक तर नोव्हेंबरमध्ये असते.

बहुतेक मतदारसंघ असे आखलेत की नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला असतो. खासदाराला भीती समोरच्या पक्षाची नसते, स्वतःच्या पक्षातल्या जास्त कडव्या माणसाची असते. त्याला बोलायचं असतं ते उन्हाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी आवर्जून मत द्यायला येणाऱ्या त्या थोड्या लोकांशी.

याची दुसरी बाजूही बघा. २०१८ मध्ये कार्लोस कर्बेलो आणि जेफ डेनम या मवाळ रिपब्लिकनांनी स्वतःच्याच नेतृत्वाला डावलून स्थलांतराच्या विधेयकांवर मतदान घडवून आणण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. २१८ सह्या लागतात. २१६ वर गाडी अडली. नोव्हेंबरमध्ये दोघेही डेमोक्रॅटांकडून हरले. मधल्या वाटेनं जाणाऱ्याला प्रायमरीत स्वतःचे लोक मारतात, नोव्हेंबरात दुसरे. मग त्या वाटेला कोण जाणार?

म्हणजे सगळा दोष रिपब्लिकनांचा? डेमोक्रॅट तरी प्रामाणिक आहेत का?

माझे बरेच मित्र डेमोक्रॅट आहेत, त्यांना हे उत्तर आवडत नाही.

ओबामांनी २००८ मध्ये पहिल्या वर्षात विधेयक आणण्याचं वचन दिलं होतं. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाकडं होती, काही महिने तर सिनेटमध्ये अडवणूक मोडायला लागणारी ६० ची संख्याही होती. विधेयक आलं नाही. लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांसाठीचा 'ड्रीम ॲक्ट' डिसेंबर २०१० मध्ये, निवडणूक हरून झाल्यावर पटलावर आला आणि सिनेटमध्ये ५५-४१ वर अडकला.

त्याहून बोलका किस्सा २०१४ चा. बेनर मतदान घेत नाहीत म्हटल्यावर ओबामा म्हणाले, उन्हाळा संपायच्या आत मी माझ्या अधिकारात आदेश काढतो. सप्टेंबरात त्यांनी तो पुढं ढकलला, कारण आर्कान्सा, लुइझियाना, नॉर्थ कॅरोलायना अशा ठिकाणचे त्यांचे सिनेटर निवडणुकीत अडचणीत होते. ते सिनेटर पडायचे ते पडलेच. आदेश निघाला तो नोव्हेंबरचं मतदान झाल्यावर. लगेच कोर्टात अडकला आणि जून २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी होऊन मेला. तेलही गेलं, तूपही गेलं.

आणि २०२५? निवडणूक हरल्यावर जानेवारीत बारा डेमोक्रॅट सिनेटरांनी रिपब्लिकनांसोबत 'लेकन रायली' कायद्याला मत दिलं. चोरीसारख्या गुन्ह्याचा नुसता आरोप असला तरी बेकायदा स्थलांतरिताला कोठडीत ठेवायचं, असा तो कायदा. आदल्या वर्षी हेच विधेयक सिनेटमध्ये मतदानालाही आलं नव्हतं. मधल्या काळात विधेयकाचा मजकूर फारसा बदलला नव्हता, निकाल बदलला होता.

२०२४ चं सीमा विधेयक ट्रम्पनी पाडलं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी हो, आणि यात लपूनछपून काही नव्हतं.

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण सीमेवर गस्ती पथकानं एका महिन्यात सुमारे अडीच लाख लोक पकडले. तो विक्रम होता. रिपब्लिकन म्हणाले, युक्रेनला पैसे हवेत ना, मग आधी सीमेचा कायदा करा. अट त्यांचीच. त्यांच्याच जेम्स लँकफर्ड यांनी डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा यांच्यासोबत महिनोन्‌महिने घासाघीस केली. ४ फेब्रुवारी २०२४ ला मसुदा बाहेर आला: सगळं मिळून ११८ अब्ज डॉलर, आश्रयाचे नियम कडक, आणि आठवड्याची सरासरी रोज ५,००० च्या वर गेली की सीमा बंद करणं सरकारला बंधनकारक. बेकायदा राहणाऱ्यांना नागरिकत्व शून्य. एवढं कडक विधेयक डेमोक्रॅटांनी मान्य करावं हे दहा वर्षांपूर्वी कुणाला पटलं नसतं. गस्ती जवानांच्या संघटनेनं पाठिंबा दिला, आणि ही संघटना ट्रम्पसमर्थक!

ट्रम्प यांना ते नको होतं. प्रचाराचा सगळ्यात चालणारा मुद्दा फेब्रुवारीत संपवून नोव्हेंबरात काय बोलणार? विधेयक पडलं तर खुशाल माझ्यावर ढकला, असं त्यांनी नेवाडातल्या सभेत सांगूनही टाकलं. सभापती माइक जॉन्सन यांनी आल्या आल्या नकार कळवला. तीन दिवसांत, ७ फेब्रुवारीला, विधेयक ४९-५० वर अडलं. लँकफर्ड धरून फक्त चार रिपब्लिकन बाजूनं होते.

नाटकाचा दुसरा अंक मे महिन्यात. सिनेटमधले डेमोक्रॅटांचे नेते शूमर यांनी तेच सीमेचं विधेयक पुन्हा मतदानाला आणलं. पास होणार नाही हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. 'बघा, यांना सीमा बंद करायचीच नाही' असं प्रचारात म्हणता यावं एवढ्यासाठी. ४३-५०. या वेळी लँकफर्ड आणि सिनेमा यांनीही विरोधात मत दिलं. स्वतः लिहिलेल्या विधेयकाच्या!

त्यात आपल्यासाठी काही होतं का?

होतं, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्याची एक ओळही आली नसेल. एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना कायद्यानंच मिळणार होता. सध्या तो २०१५ च्या एका सरकारी नियमावर टांगलेला आहे. आईवडिलांच्या व्हिसावर वाढलेली मुलं २१ वर्षांची झाली की रांगेतून बाहेर पडतात, त्यांना संरक्षण होतं. पाच वर्षं दरसाल ५०,००० जादा व्हिसे होते, त्यांतले १८,००० नोकरीवाल्यांसाठी. कुणी याला विरोध केला नाही. कुणी याच्यासाठी भांडलंही नाही. सीमेबरोबर हेही वाहून गेलं.

टेक्सासहून बसेस भरून माणसं न्यूयॉर्कला का पाठवली?

फोटोसाठी. आणि कबूल करायला हवं, ती चाल जमली. गव्हर्नर ॲबट यांनी एप्रिल २०२२ पासून वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागोला बसेस सोडल्या. त्यांच्या कार्यालयाच्या आकड्यानुसार एक लाखाहून जास्त माणसं. फ्लोरिडाच्या डिसँटिस यांनी तर पन्नासेक व्हेनेझुएलन लोकांना विमानानं मार्थाज व्हिनयार्ड या श्रीमंतांच्या बेटावर उतरवलं. दोघांनाही तेव्हा पुन्हा निवडून यायचं होतं, आले. वर्षभरात न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट महापौरच म्हणायला लागले की शहर बुडेल. सीमेचा प्रश्न टेक्सासचा राहिला नाही, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सचा झाला.

लॅटिनो मतदार स्थलांतरितांच्या बाजूनंच असणार ना?

दोन्ही पक्षांनी वर्षानुवर्षं हेच धरून चालवलं आणि दोन्ही तोंडघशी पडले. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये गव्हर्नर पीट विल्सन यांनी 'प्रस्ताव १८७' च्या लाटेवर निवडणूक जिंकली; बेकायदा राहणाऱ्यांना शाळा आणि दवाखाने बंद करणारा तो प्रस्ताव सुमारे ५९ टक्क्यांनी पास झाला, पुढं कोर्टानं अडवला. त्या रागातून लॅटिनोंची एक पिढी मतदार झाली आणि रिपब्लिकनांची त्या राज्यातली जमीन सरकली. इतर कारणं होतीच, पण हे मोठं. डेमोक्रॅटांनी यावरून नियमच बांधला की स्थलांतराला विरोध म्हणजे लॅटिनो मत गेलं.

२०२४ मध्ये टेक्सासच्या अगदी सीमेवरच्या स्टार काउंटीनं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) ट्रम्पना मत दिलं. तिथं जवळजवळ सगळे लॅटिनो आहेत आणि शंभरहून अधिक वर्षांत त्यांनी रिपब्लिकन अध्यक्ष निवडला नव्हता. आमच्या न्यू जर्सीतली पसेइक काउंटीही ट्रम्पकडं गेली. जे रीतसर रांगेत उभं राहून आले त्यांना रांग मोडणाऱ्यांचा राग येतो. हे आपल्या लोकांत दिवाळीच्या फराळालाही ऐकू येतं, मग लॅटिनोंचं नवल कशाला? पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२५ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत तीच पसेइक डेमोक्रॅट मिकी शेरिल यांच्याकडं परतली. मधल्या काळात छापे आणि महागाई दोन्ही घराशी येऊन पोचले होते.

एच-१बीवर आत्ता एवढा राग का? आपण तर कायदेशीर आहोत.

एच-१बी मंजुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांच्या वाट्याला जातात. जिथं एकाच देशाचा चेहरा दिसतो, तिथं राजकारणाला चेहरा मिळतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प सत्तेवर यायच्या आधीच त्यांच्या गोटात जुंपली: उद्योगपती मस्क आणि रामस्वामी एच-१बीच्या बाजूनं, ट्रम्प यांचे जुने सल्लागार बॅनन आणि मंडळी विरोधात. निमित्त होतं भारतीय वंशाचे श्रीराम कृष्णन यांच्या एआय सल्लागार म्हणून नेमणुकीचं. तेव्हा ट्रम्प यांनी मस्कची बाजू घेतली. नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर २०२५ ला, नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली.

तो शनिवार-रविवार आठवतो. घोषणेवर सही शुक्रवारी, अंमल शनिवारी मध्यरात्रीनंतर. माझा एक मित्र वडिलांच्या श्राद्धासाठी साताऱ्याला गेला होता, रविवारी सर्वपित्री होती. कंपनीचा मेल आला: चोवीस तासांत परत या. तो पहाटे भाड्याच्या गाडीनं मुंबईला निघाला, तिप्पट भाड्याचं तिकीट काढलं, आणि विमानतळावर रांगेत असताना खुलासा झाला की आधीच व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही. श्राद्ध त्याच्या भावानं केलं. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत.

घोषणा आणि खुलासा यांमधल्या त्या चोवीस तासांत टीव्हीवर हवी ती बातमी गेलेली असते. खुलासा कोण वाचतो?

ग्रीन कार्डची रांग एवढी लांब का, आणि ती सोडवायला कुणाचा विरोध आहे?

नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, त्यांत बायकामुलंही मोजलेली. एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जेवढी, तेवढीच भारताला. २०२५ भर ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या रांगेत, भारताची तारीख २०१२-१३ मध्येच अडकलेली होती, म्हणजे बारा वर्षांपूर्वी ज्यांनी अर्ज केला त्यांचा नंबर. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला हे सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं. आमच्या घरी ते बायको उघडते, मी कणीक मळत असतो. ती फक्त 'दोन आठवडे' किंवा 'जैसे थे' एवढंच म्हणते.

विरोध कुणाचा? हीच गंमत आहे. जुलै २०१९ मध्ये देशवार मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५-६५ असं पास झालं. एवढं एकमत तिथं क्वचित दिसतं. सिनेटमध्ये त्यामागं रिपब्लिकन माइक ली होते आणि कमला हॅरिसही. अडवलं डेमोक्रॅट डर्बिन यांनी. त्यांचं म्हणणं, एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर बाकी देशांचे लोक मागं पडतील. मुद्दा चुकीचा नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये बदललेलं विधेयक सिनेटनं पास केलं. दोन्ही मसुद्यांचा मेळ घालायला महिना उरला होता. घातला नाही. ३ जानेवारीला काँग्रेसची मुदत संपली आणि दोन्ही कागद रद्दीत गेले. २०२२ मध्ये पुन्हा असंच विधेयक डिसेंबरात मतदानाला येता येता मागं घेतलं गेलं.

आमच्या रांगेचा कुणी शत्रू नाही. आम्ही मत देत नाही, काम सोडून रस्त्यावर उतरत नाही, कर भरतो. असा माणूस कुठल्याच राजकारण्याला घाईचा वाटत नाही.

पण भारतीय वंशाचे खासदार आहेत की! आपले श्री ठाणेदारही आहेत.

आहेत. बेळगावात वाढलेले, २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये त्यांचं मराठी भाषण ऐकलेला माणूस घरी येऊन तासभर तेच सांगतो. पण ते डेट्रॉइटकडचे प्रतिनिधी आहेत, एच-१बीवाल्यांचे नाहीत. त्यांना निवडून देणाऱ्यांची दुखणी वेगळी आहेत.

परत पाठवलेल्या भारतीयांत मराठी माणसं होती का?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ जण होते. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, महाराष्ट्राचे तीन. हातापायांत बेड्या होत्या आणि तो व्हिडिओ अमेरिकी सीमा गस्ती दलाच्या प्रमुखांनीच प्रसिद्ध केला. पाठवणी ओबामा आणि बायडन यांच्या काळातही होत होती, साध्या चार्टर विमानानं, कॅमेऱ्याशिवाय. लष्करी विमान जास्त महाग पडतं. ते वापरलं ते प्रेक्षकांसाठी.

अध्यक्षानं आदेश काढला तर काम होत नाही का?

होतं, पुढचा अध्यक्ष येईपर्यंत किंवा कोर्ट अडवेपर्यंत. लहानपणी आणलेल्या मुलांना कामाचा परवाना देणारा 'डाका' ओबामांनी जून २०१२ मध्ये, निवडणुकीच्या पाच महिने आधी आणला. पाच लाखांच्या आसपास माणसं अजून त्यावर जगताहेत, दर दोन वर्षांनी नूतनीकरण करत. त्यांतली काही आता चाळिशीत आहेत. बायडन यांनी तीन वर्षं सीमेवर जे जमणार नाही म्हटलं, ते आश्रयावर मर्यादा घालणाऱ्या ४ जून २०२४ च्या आदेशानं करून दाखवलं; मग आधी का नाही, याचं उत्तर मतदारांना मिळालं नाही आणि नोव्हेंबरात त्यांनी ते मागितलं.

२०२६ च्या मध्यावधी निवडणुकीत काय होईल?

मतदान ३ नोव्हेंबरला. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या ३५. भाकीत करत नाही. एवढं दिसतं की हवा लंबकासारखी हलते. २०२४ मध्ये गॅलपच्या पाहणीत ५५ टक्के लोकांना स्थलांतर कमी व्हायला हवं होतं. जुलै २०२५ मध्ये ३० टक्के उरले, आणि ७९ टक्के म्हणाले स्थलांतर देशासाठी चांगलं आहे. सीमेवर पकडल्या जाणाऱ्यांची संख्या दशकांतल्या नीचांकावर आलीय, म्हणजे रिपब्लिकनांनी मुद्दा जिंकलाय, आणि जिंकलेला मुद्दा मतं कमी आणतो. त्यामुळं लक्ष सीमेवरून शहरांकडं, धरपकडीकडं आणि आमच्यासारख्या कायदेशीरांकडं वळलंय. ४ जुलै २०२५ च्या कायद्यानं अंमलबजावणीसाठी सुमारे १७० अब्ज डॉलर दिलेत. तो पैसा निवडणुकीच्या निकालाला विचारून खर्च होणार नाही.

नाटक कोणतं आणि काम कोणतं, हे तुम्ही कसं ओळखता?

मी भाषण ऐकत नाही. मतदान कधी ठेवलंय ते बघतो. निवडणुकीच्या आधीच्या सहा महिन्यांत, पास होणार नाही अशा विधेयकावर मतदान असेल तर ते पत्रकासाठी. ६० मतं कुठून येणार याचं नाव घेऊन उत्तर नसेल तर तेही पत्रकासाठी. उलट मंगळवारी दुपारी एखाद्या समितीत कंटाळवाण्या आवाजात कुणी 'ठरावीक संख्येत वापरात न आलेले व्हिसे' असं काही वाचत असेल, तर मी आवाज वाढवतो.

मग मुलाला एमएसला पाठवू का?

शिकायला पाठवा. ग्रीन कार्डासाठी नको. कर्ज काढणार असाल तर पुण्यात परत येऊन फेडता येईल एवढंच काढा.

तुमचं स्वतःचं काय ठरलं?

माझी तारीख नोव्हेंबर २०१४ ची आहे. मुलगी पाच वर्षांची असताना आली, आता इथल्याच कॉलेजात आहे, मराठी बोलते पण जोडाक्षरांना अडखळते. मार्च २०२७ मध्ये ती २१ ची होईल. वकिलानं तिच्यासाठी विद्यार्थी व्हिसाचा अर्ज तयार ठेवायला सांगितलाय. त्यात एक रकाना आहे: शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा. तिनं विचारलं, "बाबा, मायदेश म्हणजे कुठला लिहू?" फॉर्म अजून टेबलावरच आहे.